आसऱ्याच्या घरातला देव्हारा

मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बाईला आसऱ्याच्या घराविषयी काय विचारायचं असेल, हे आपण सहज सांगू शकतो. किती दिवस राहता येईल, मुलं बरोबर ठेवतील का, नवरा दारात येऊन उभा राहिला तर काय. पण या प्रश्नांच्या मागे आणखी काही प्रश्न असतात आणि ते विचारताना ती चाचरते. मंगळसूत्र काढायला लावतात का? नमाजाला जागा आहे का? सगळ्यांचं एकाच चुलीवर शिजतं का? रविवारी चर्चमध्ये जाऊ देतील का? पिशवीत बाबासाहेबांची तसबीर आहे, ती भिंतीला लावली तर चालेल का?

जीव वाचतोय, तिथे देवाधर्माचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. घर, दागिने, कागदपत्रं, शेजारपाजार मागे टाकून आलेल्या बाईजवळ स्वतःचं म्हणावं असं फार थोडं उरतं. त्या थोड्यात तिचा देव असतो, उपास असतो, झोपण्यापूर्वी पुटपुटायचे दोन शब्द असतात. आणि कित्येकदा तिला मारणाऱ्यानंही, परत पाठवणाऱ्यांनीही त्याच देवाचं नाव घेतलेलं असतं. कुणी तिला प्रारब्धाचे भोग म्हणून समजावलेलं असतं, कुणी सब्र कर म्हणून, कुणी प्रत्येकाला आपला क्रूस वाहावाच लागतो म्हणून. वडाला फेऱ्या मारताना सात जन्म मागितलेला नवराच हात उगारतो, तेव्हा तिचं भांडण एकट्या नवऱ्याशी उरत नाही.

म्हणून पुण्यातल्या आसऱ्याच्या घरांचा मागोवा घ्यायचा तर भिंती आणि देणग्यांपेक्षा त्यांतल्या देव्हाऱ्याचा माग काढावा, असं मला वाटतं. ते घर कुणाच्या देवाचं होतं? आणि आत येणाऱ्या बाईला आपला देव बरोबर आणता येत होता का?

सासरी त्रास झाला की बाईनं जावं अशी एकच जागा आपल्या भाषेनं तिला दिली, ती म्हणजे माहेर. मातृगृह या शब्दाचं झिजून झालेलं हे रूप. आईचं घर. वारकऱ्यांनी पंढरपूरला माहेर म्हटलं, विठ्ठलाला माउली केलं, यावरून या शब्दात किती ओलावा साठला आहे ते कळतं. पण खऱ्या माहेराचा हिशेब वेगळा असतो. सणाला, बाळंतपणाला, चार दिवसांच्या विसाव्याला ते दार उघडं. कायमचं परत आलेल्या लेकीला मात्र ते दार अरुंद होतं. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं असतं, भावजयीचं तोंड बघायचं असतं, भावकी काय म्हणेल हे तर असतंच. मग बाप किंवा भाऊ तिला परत पोचवून येतो. त्यामुळे देवाला माहेर म्हणणाऱ्या बायकांच्या मनात निव्वळ भक्ती होती असं मी मानत नाही. कधीही परत न पाठवणारं घर त्यांना कुठेतरी हवं होतं.

पुण्याच्या परिसरात या हव्या असण्याची जुनी साक्ष देहूशी जोडलेली आहे. संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, वेरूळजवळच्या देवगावच्या. ब्राह्मण घरातली ही मुलगी लहानपणीच वयानं कितीतरी मोठ्या बिजवराला दिलेली. कुटुंब फिरत फिरत कोल्हापूरला आलं. तिथे कीर्तनाचा नाद लागला, लोक तिच्याविषयी बोलू लागले, आणि नवऱ्यानं तिला बांधून घालून मारलं. पुढे तिनं देहूच्या तुकोबांना गुरू मानलं. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्राला गुरू करावं, हा नवऱ्याच्या रागावर आणखी एक घाव. हे सगळं तिनं स्वतः आत्मनिवेदनाच्या अभंगांत सांगितलं आहे. नवऱ्याच्या माराविषयी एका मराठी बाईनं स्वतःच्या नावानं दिलेली इतकी जुनी आणि इतकी सविस्तर जबानी मला दुसरी माहीत नाही.

तिच्या गोष्टीचा पुढचा भाग अवघड आहे. ती नवऱ्याला सोडून गेली नाही. नवरा आजारी पडला, बदलला, आणि दोघं मिळून देहूला आली. तिचेच अभंग पतिव्रताधर्माची थोरवीही गातात. ज्या श्रद्धेनं तिला मारापुढे ताठ उभं केलं, तिनंच तिला त्या घरात धरूनही ठेवलं. आजच्या समुपदेशकानं बहिणाबाई वाचावी असं मला फार वाटतं. समोरच्या बाईची भक्ती ही बेडी आहे की आधार, हे बाहेरून ठरवण्याची घाई मग होणार नाही. एकाच बाईच्या एकाच अभंगगाथेत ती दोन्ही आहे.

देहूहून पुण्यात यायचं ते गंज पेठेत. १८४९ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना शाळा चालवण्यापायी वडिलांचं घर सोडावं लागलं. त्यांना आसरा मिळाला तो उस्मान शेख यांच्या घरात. सावित्रीबाईंनी १८५६ साली नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्या घरातल्या फातिमेचा उल्लेख आहे, आपल्या गैरहजेरीत तिच्यावर किती भार पडत असेल या काळजीनं केलेला. घराबाहेर काढलेल्या माळ्याच्या जोडप्याला मुसलमानाच्या घरी ऊब मिळाली, ही आठवण या मागोव्यात आधी नोंदवायची. कारण पुढे १८६३ साली याच जोडप्यानं पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा आसरा म्हणजे काय हे ती दोघं स्वतः भोगून शिकलेली होती.

ते गृह ब्राह्मण विधवांसाठी होतं. घरच्याच कुणा पुरुषाकडून दिवस गेलेल्या, आणि मग विहीर किंवा बाळाच्या गळ्यावर नख यांतलं एक निवडावं लागणाऱ्या विधवांसाठी. आज आपण ज्याला घरातला लैंगिक अत्याचार म्हणतो, त्यातली पुष्कळ प्रकरणं त्या बाळंतपणांमागे असणार. जोतीरावांनी ब्राह्मण वस्तीत भिंतींवर पत्रकं लावली: इथे या, गुप्तपणे बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर. शेवटची अट नीट पाहावी. बाईनं धर्म बदलावा, जात टाकावी, पश्चात्ताप करावा, असं काहीही तिच्याकडून मागितलेलं नाही. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला, तो यशवंत. ब्राह्मणीच्या पोटचं मूल माळ्याच्या घरात वाढलं आणि पुढे डॉक्टर झालं.

जोतीरावांच्या शेवटच्या ग्रंथात, सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात, एक कुटुंब कल्पिलेलं आहे. बाई बौद्ध धर्माचं पुस्तक वाचून तो धर्म घेते, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती होतो, मुलगी कुराण वाचून मुसलमान होते, मुलगा सत्यधर्मी होतो. आणि चौघं एकमेकांचा हेवा न करता एका छपराखाली नांदतात. हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली प्रसिद्ध झालं. जोतीराव गेले २८ नोव्हेंबर १८९० रोजी. त्याच नोव्हेंबरात मुंबईहून एक संस्था पुण्यात मुक्कामाला आली आणि जोतीरावांनी कागदावर कल्पिलेल्या त्या छपराची परीक्षा सुरू झाली. ती संस्था पंडिता रमाबाईंचं शारदा सदन.

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण या शहराच्या आसऱ्याच्या इतिहासाची गाठ इथे बसली आहे.

रमाबाई १८८२ साली पुण्यात आल्या तेव्हा त्या विधवा होत्या, कडेवर मूल होतं, आणि संस्कृतच्या पांडित्यानं सारं शहर दिपून गेलं होतं. इथे त्यांनी आर्य महिला समाज काढला. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि सप्टेंबर १८८३मध्ये वाँटिजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्याला हा घाव लागला. जोतीरावांनी मात्र 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाई कुणाच्या ताटाखालचं मांजर झाल्या नाहीत, हे त्यांची पत्रं वाचली की दिसतं. त्या शाकाहारी राहिल्या. चर्चच्या मतांशी त्या वाद घालत राहिल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, असं त्यांनी विचारलं. नवा देव घेताना जुनी भाषा टाकायला ही बाई तयार नव्हती. आसऱ्याला येणाऱ्या बाईला काय सोडवत नाही, हे तिला आतून कळलेलं होतं.

अमेरिकेत त्यांनी पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली, बॉस्टनला मंडळ उभं करून पैसे जमवले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई झालेल्या. सदनाचा करार स्पष्ट होता. धर्मशिक्षण द्यायचं नाही. उच्चवर्णीय विधवांना आपलं सोवळंओवळं पाळायचं तर त्याची सोय करायची. ग्रंथालयाच्या फळीवर बायबल राहील आणि हिंदूंचे धर्मग्रंथही राहतील. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, न्यायमूर्ती तेलंग अशी माणसं. एका ख्रिस्ती बाईनं चालवलेलं, अमेरिकन पैशावरचं, ब्राह्मण विधवांसाठीचं घर, आणि आत देव ज्याचा त्याचा. १८८९ साली असा करार लिहिणं हेच केवढं धाडस होतं.

तो मोडला एका दारावरून. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मुलीला घेऊन प्रार्थना करायच्या आणि खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. हे धर्मांतर का? रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही आणि कुणाला हाकलणारही नाही. पालकांचं आणि 'केसरी'चं म्हणणं, उघडं दार हेच बोलावणं. १८९३मध्ये वाद टोकाला गेला, रानडे आणि भांडारकर बाजूला झाले, अनेक मुलींना घरच्यांनी काढून नेलं.

शाळेत शिकल्यापासून आपण हा वाद सनातनी विरुद्ध सुधारक असा ऐकत आलो. मला तो आता वेगळा दिसतो. रमाबाईंना प्रार्थना करू नको म्हणणं अन्यायाचं होतं, हे उघड आहे. पण निराधार पोरीला अन्न, अक्षर आणि माया ज्या हातून मिळते, त्या हाताचा देव तिला आपोआप मोठा वाटू लागतो, हेही तितकंच खरं. तिथे जबरदस्ती करावी लागतच नाही. आसरा देणाऱ्याचं वजनच इतकं असतं की त्याच्या उघड्या दाराचाही भार आत राहणाऱ्यावर पडतो. सल्लागारांना ही भीती वाटली ती सगळी खोटी नव्हती. चूक झाली ती पुढे. भार कसा कमी करायचा, याचा विचार करायच्या ऐवजी मुलींनाच बाहेर काढण्यात आलं. ज्या घरांतून त्या सुटून आल्या होत्या, त्याच घरांत त्या परत गेल्या. मुलींना काय हवं होतं, हे त्या भांडणात कुणी विचारलं असं दिसत नाही.

यानंतर शहरात दोन वाटा झाल्या. १८९६च्या दुष्काळानंतर रमाबाईंनी दौंडच्या वाटेवर केडगावला मुक्ती सदन वाढवलं. दुष्काळातल्या मुली, टाकलेल्या बायका, फसवलेल्या बायका, आंधळ्या बायका तिथे शेकड्यांनी आल्या. शेतं, विहिरी, छापखाना सगळं बायकांनी चालवलं. इतकं मोठं काम त्या काळात इतर कुणी केलं नाही. पण आता ते उघडपणे ख्रिस्ती घर होतं. दुसरी वाट कर्व्यांची. त्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली आणि १९०० साली आश्रम हिंगण्याला नेला. शारदा सदनाच्या वादानंतर विधवांसाठी 'आपलं' घर हवं, ही पुण्याची मागणी होती, आणि हिंगणं हे उघडपणे हिंदू, सुरुवातीला तर ब्राह्मणी घर होतं. त्या घराची पायाभरणी शारदा सदनातूनच शिकून आलेल्या आनंदीबाईंच्या संसाराला लागून झाली, हे विशेष. १९०९ साली रमाबाई रानड्यांचं सेवासदन आलं. शिक्षण, शिवण, परिचारिकेचं काम असं त्यानं बायकांना पायांवर उभं केलं. पण फळीवर दोन्ही ग्रंथ ठेवून मार खाल्लेल्या बाईला राहायला जागा देण्याचा प्रयोग १८९३ साली थांबला तो थांबलाच. मुसलमान बाईसाठी तर त्या सगळ्या काळात पुण्यात घरही नव्हतं आणि वादही नव्हता.

घरं अशी वाटली जात असताना कायद्यानं काय केलं, तेही पाहायला हवं. मुंबईच्या रखमाबाईंचा खटला याच वर्षांतला. लहानपणी लग्न लागलेल्या, नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंच्या बाजूनं न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली निकाल दिला. बायकोला जबरीनं नांदायला पाठवण्याचा हा दावा हिंदू धर्मशास्त्रातून आलेलाच नाही, तो इंग्लंडातून आला आहे, हे त्यांनी नोंदवलं. खरोखरच तो तिकडच्या चर्चच्या न्यायालयांचा नियम. अपिलात निकाल फिरला आणि मार्च १८८७मध्ये हुकूम झाला: महिनाभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करते म्हणून कळवलं. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या डॉक्टर व्हायला लंडनला गेल्या. पुण्यातल्या सनातन्यांनी हिंदू धर्म वाचवायचा म्हणून ज्या दाव्याची पाठराखण केली तो मुळात परक्या चर्चचा होता, आणि ज्या देशातून तो आला तिथे त्यापायी तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८४ सालीच रद्द झालेली होती. बाईला परत पाठवायचं असलं की नियम कुठल्या देवाच्या घरून आणलाय, हे कुणी विचारत नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातही नववं कलम म्हणून तो बसलाच.

छळ हे लग्न मोडायला पुरेसं कारण आहे, हे मान्य करायला निरनिराळ्या धर्मांच्या कायद्यांनी निरनिराळा वेळ घेतला, आणि तो क्रम आपल्या समजुतीच्या उलटा आहे. मुसलमान बाईला ते १९३९च्या कायद्यानं मिळालं. हिंदू विवाह कायद्यात छळ घटस्फोटाचं कारण झालं ते १९७६च्या दुरुस्तीनं; त्याआधी छळावरून मिळायचं ते फक्त न्यायालयीन विभक्त राहणं. ख्रिस्ती बाईला १८६९चाच कायदा लागू होता: नवऱ्यानं नुसतं मारून भागत नव्हतं, त्याच्या जोडीला व्यभिचारही सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं १९९७ साली ही अट काढली आणि संसदेनं २००१ साली. एकाच आळीत, एकाच रात्री मार खाल्लेल्या तीन बायकांना तीन निरनिराळ्या काळांत न्याय मागावा लागत होता, असंच म्हणायला हवं. या सगळ्यांत आपल्याकडचं एक पाऊल विसरलं जातं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१९ साली आपल्या संस्थानात बायकांना घरात क्रूरपणे वागवण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला.

मुसलमान बाईला कायद्यानं छळावरून सुटका दिली होती हे खरं, पण तिची खरी भीती तीन शब्दांची होती: तलाक, तलाक, तलाक. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुसलमान बायकांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. आकडा सात. आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. नाव जोतीरावांच्या समाजावरून घेतलेलं. गंज पेठेतलं उस्मान शेखांचं ऋण असं एकशेवीस वर्षांनी उलट दिशेनं वळून आलं, असं मला नेहमी वाटतं. मंडळातले सय्यदभाई पेन्सिलीच्या कारखान्यात काम करणारे; बहिणीला तलाक मिळाला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. मंडळाकडे येणाऱ्या बायका शरियतवर चर्चा करायला येत नसत. पोराला दूध कुठून आणू, मेहरचं काय, आईकडे किती दिवस राहू, हे विचारायला येत. एकीकडे समाजातले लोक या कार्यकर्त्यांना काफिर म्हणत होते, दुसरीकडे हिंदुत्ववादी त्यांचं बोट धरून सगळ्या मुसलमानांना झोडपायला बघत होते. या दोहोंच्या मधून वाट काढत बाईचा हात न सोडणं, हे मंडळानं केलं. एका दमातला तोंडी तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयानं रद्द ठरवला २२ ऑगस्ट २०१७ रोजी. सय्यदभाईंनी तो दिवस पाहिला. २०२२च्या एप्रिलमध्ये ते गेले.

१९८२ साली पुण्याच्या सुस्थित, शिकलेल्या वस्तीत मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८४ साली नवऱ्याची निर्दोष मुक्तता झाली. परिस्थितीजन्य पुराव्याविषयी तो निकाल आजही वकील घोकतात. शहरातल्या बायकांच्या मनात मात्र वेगळीच गोष्ट घर करून राहिली: तिनं माहेरी लिहिलेली पत्रं. माहेर होतं, पत्रं पोचत होती, आणि तरी. विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींचा नारी समता मंच या अस्वस्थतेतून उभा राहिला. 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन त्यांनी गावोगाव नेलं, आणि बायकांना बोलतं करण्यासाठी केंद्र काढलं, त्याचं नावच 'बोलते व्हा'. १९८३ साली दंडसंहितेत ४९८-अ कलम आलं. या पिढीनं धर्माला बाजूला ठेवून बाईशी बाई म्हणून बोलायचं ठरवलं आणि त्यातून मोठं बळ आलं. पण उपास करणारी, दर्ग्यावर जाणारी, स्वामींची पोथी वाचणारी बाई समोर बसली की त्या बोलण्यात एक अवघडलेपण असायचं, हेही मान्य करायला हवं. विद्याताईंना स्वतःला ते जाणवत असणार. देव न मानणाऱ्या या बाईनं २०१६ साली बायकांच्या मंदिरप्रवेशासाठी उच्च न्यायालयात दाद मागितली. देव मानणारीचा हक्क तिला आपलाच वाटला.

२६ ऑक्टोबर २००६ रोजी कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा अमलात आला आणि घरातल्या माराला धर्म न विचारता नाव मिळालं. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक, आर्थिक असे त्याचे प्रकार. लग्न कुठल्या विधीनं लागलं, लागलं की नाही, हे न विचारता संरक्षण. राहत्या घरात राहण्याचा हक्क. अर्ज केल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली तारीख, साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न, असं कायद्यात लिहिलेलं आहे. न्यायालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या बायकांना ते वाचून दाखवायला जीभ रेटत नाही. तरी सप्तपदी नसलेलं बौद्ध लग्न असो, निकाह असो की चर्चमधलं लग्न, तिघींसाठी अर्ज एकच, हे फार मोठं झालं. मात्र कायदा देव्हाऱ्यापर्यंत पोचत नाही. कॅथलिक बाईला दिवाणी न्यायालयानं घटस्फोट दिला तरी चर्चच्या लेखी ती विवाहितच राहते. तलाक झालेली बाई इद्दतचे दिवस मोजत असते. अंगात येतं म्हणून मांत्रिकाकडे नेऊन मारलेल्या सुनेला २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा आधार आहे, पण तिचा स्वतःचाच विश्वास असतो की तिला काहीतरी लागलंय. या गाठी न्यायाधीश सोडवत नाही. त्या सोडवायला राहती जागा लागते, वेळ लागतो, आणि रात्री शेजारच्या खाटेवर कुणीतरी लागतं.

नगर रस्त्यानं कोरेगाव भीमाच्या बाजूला गेलं की वढू बुद्रुक लागतं. संभाजी महाराजांच्या समाधीचं गाव. २ फेब्रुवारी १९९७ रोजी तिथे एक घर उघडलं. काढलं केरळातून आलेल्या एका कॅथलिक संन्यासिनीनं, सिस्टर लूसी कुरियन यांनी. त्यांच्या पाठीशी पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठातले येशूसंघी फादर फ्रान्सिस डिसा होते, मीमांसा आणि गीतेचे अभ्यासक. मार खाल्लेल्या बाईसाठी पुन्हा एकदा ख्रिस्ती बाईनं उभारलेलं घर, पुन्हा पुणं, पुन्हा संस्कृत जाणणारा पाठीराखा. शारदा सदनाची आठवण येऊ नये कशी? पण या वेळी करार वेगळ्या तऱ्हेनं मांडला गेला. शारदा सदनानं देवाला खोलीत ठेवायचं ठरवलं होतं आणि खोलीचं दार उघडं राहिलं. इथे सगळेच देव मधल्या घरात आणले गेले. जात आणि धर्म न पाहता प्रवेश, सगळ्या धर्मांचे सण सगळ्यांनी मिळून करायचे, दिवाळी, ईद, नाताळ. कुणी कुणाला आपल्याकडे वळवायचं नाही. आसरा देणारीच्या देवाचा भार आत येणाऱ्या बाईवर पडतो, तो कमी करायचा हा एक मार्ग: तिच्या देवालाही तितकीच जागा द्यायची, उत्सव द्यायचा, गोडधोड द्यायचं. बायकांबरोबर मुलं आली, मुलांसाठी घरं आली, मनोरुग्ण आणि रस्त्यावरच्या बायकांसाठी घरं आली, आणि काम रत्नागिरी, केरळ, झारखंडपर्यंत गेलं. सिस्टर लूसींना २०१६ साली राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला.

केरळच्या या सिस्टरनं त्या घराला मराठी शब्दकोशातलं फार ओलं, फार दुखरं नाव दिलं. माहेर.

ते का काढलं, हे त्या स्वतः अनेकदा सांगतात. १९९१ साली त्या पुण्यात बायकांबरोबर काम करत होत्या. एका संध्याकाळी एक गरोदर बाई आली. नवरा दुसरी आणतोय, मला मारून टाकेल, मला इथे ठेवून घ्या, म्हणाली. कॉन्व्हेंटात अशा कुणाला ठेवून घ्यायची परवानगी नव्हती आणि वरच्यांना विचारायला त्या रात्री कुणी जागेवर नव्हतं. उद्या ये, काहीतरी करते, असं त्यांनी तिला सांगितलं. रात्री आरडाओरडा ऐकून त्या धावत गेल्या, तेव्हा ती बाई पेटलेली होती. रुग्णालयात ती गेली, पोटातलं मूलही गेलं. वढूचं घर उभं राहायला त्यानंतर जवळजवळ सहा वर्षं लागली.